आरसा धरून ठेवणारा ब्रॅकेट

28 फेब्रुवारी जवळ आला, की विज्ञानाच्या बातम्यांत रामन यांचे छायाचित्र आणि कोलकात्याच्या बहुबाजार रस्त्यावरील 210 क्रमांकाची वास्तू पुन्हा अवतरते. तिथे 1928 साली सूर्यप्रकाश आधी 18 सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या भिंगाने आणि मग 5 सेंटिमीटर नाभीय अंतराच्या दुसऱ्या भिंगाने एकवटला गेला. ती भिंगे कशावर बसवली होती, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

प्रश्न क्षुल्लक नव्हे. त्याच शहरात, सुमारे तीन दशके आधी, जगदीशचंद्र बोस यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजात आपली उपकरणे पत्र्याचे काम करणाऱ्या एका स्थानिक कारागिराकडून घडवून घेतली. त्यांतल्या एका रचनेत दोन लोलकांमधील हवेची फट कमीजास्त करून पलीकडे जाणारी ऊर्जा नियंत्रित केली जाई. तरंगलांबी सुमारे 5 मिलिमीटर, म्हणजे फटही मिलिमीटरांत मोजण्याजोगी. हाच प्रयोग दृश्य प्रकाशावर करायचा तर फट दहा हजार पटींनी लहान हवी. बोस यांची निवड म्हणूनच मार्मिक वाटते: हर्ट्झच्या तरंगांहून पुष्कळ आखूड, म्हणून मेजावर मावणारी, आणि प्रकाशाहून पुष्कळ लांब, म्हणून पत्र्याच्या कामाला झेपणारी.

आजच्या लेसर प्रयोगशाळेला ती सवलत नाही. 100 मिलिमीटर उंचीचा ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट एका अंशाने तापला, की सुमारे 2.3 मायक्रॉनने वाढतो, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या चारांहून अधिक तरंगलांबी. कोलकात्याच्या वैशाखात वातानुकूलन बंद पडले, तर मग बोलायलाच नको. पोलाद याच्या साधारण निम्मे वाढते, इन्व्हार त्याहूनही फार कमी. पण ॲल्युमिनियम हलके, स्वस्त आणि मिलिंगला सोपे. जाणता संशोधक त्यामुळे धातू न बदलता ड्रॉइंग बदलतो: सर्व आधार एकाच धातूचे, एकाच उंचीचे, जेणेकरून वाढले तरी सगळे मिळून वाढतील. लांब बाहू तो टाळतो, कारण लांबी दुप्पट झाली की टोकाचा झोल आठपट होतो.

उरलेले शहाणपण वर्कशॉपमधल्या फिटरकडे असते. काळ्या ॲनोडायझिंगचा थर चढला की आटे आवळतात, म्हणून कोणत्या छिद्राला किती जागा सोडायची, हे त्याला न सांगता कळते. संस्थांना कोट्यवधींचा लेसर घेताना जो उत्साह असतो, तो अशा माणसाची जागा भरताना दिसत नाही, ही तक्रार अनाठायी नव्हे. बाहेरून मागवलेला तयार ब्रॅकेट उत्तमच असतो. फक्त तो दुसऱ्याच्या प्रयोगासाठी आखलेला असतो.

बोस यांची मूळ उपकरणे त्यांनीच 1917 साली स्थापन केलेल्या बोस इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयात जपलेली आहेत. कोलकात्यास जाणाऱ्या वाचकाने ती अवश्य पाहावीत, आणि लोलकाआधी त्याच्या खालची बैठक पाहावी.