गढीतला दिवा

आमच्या बीड जिल्ह्यात गढ्या पुष्कळ. पांढऱ्या मातीचे जाड तट अजून उभे आहेत. आतली वस्ती बहुतेक उठली. अशा गढीच्या चौकातला दिवा पायथ्याच्या माणसाला दिसायचा नाही. पण समोरच्या चढावर जावे, तर पलीकडच्या तटाची आतली बाजू उजळलेली दिसते.

आकाशातही गढ्या आहेत. काही दीर्घिकांच्या केंद्रात प्रचंड कृष्णविवर असते. त्याच्याभोवती द्रव्याची तापलेली तबकडी फिरते, तिच्यालगतच्या अतितप्त वायूतून क्ष-किरण निघतात, आणि सभोवार धूळ-वायूचा तट असतो. क्ष-किरणांच्या दुर्बिणीला हा सारा पसारा एका ठिपक्याएवढा. मग त्याचा आकार कळावा कसा?

किरणांच्या थरथरीवरून. एरवी ती सर्व दिशांची सरमिसळ असते. किरण आदळून वळला, की एक दिशा वरचढ होते. तळ्याच्या पाण्यावरून डोळ्यांत खुपणारी तिरीप अशीच; पोलरॉइडचा चष्मा तिला अडवतो. याला ध्रुवीकरण म्हणतात.

अमेरिका व इटली यांनी 9 डिसेंबर 2021 रोजी सोडलेला आयएक्सपीई उपग्रह हेच मोजतो. वायूने भरलेल्या डबीत क्ष-किरण इलेक्ट्रॉनला हुसकावतो. तो कोणीकडे धावला, ते पाहायचे. 2022 साली सर्किनस दीर्घिकेत ध्रुवीकरण सुमारे 28 टक्के भरले, दिशा केंद्रातून सुटणाऱ्या झोताला काटकोनात. म्हणजे दिवा तटाआड, उजेड भिंतीवरचा! त्याच डिसेंबरात सप्तर्षींशेजारच्या एनजीसी 4151 मध्ये जेमतेम 5 टक्के सापडले, पण दिशा झोताला समांतर. तो तप्त वायू तबकडीवर आकाशकंदिलासारखा टांगलेला आहे, असा एक तर्क होता. या मापाने तो बराच लंगडा पडला. वायू तबकडीलगत पसरट असावा. पाच टक्क्यांवरून पाच कोटी प्रकाशवर्षांपलीकडची ठेवण ओळखायची, याचे मला अजून नवल वाटते.

पुतण्याला वाटत नाही. "काका, इथं टँकरची वाट बघायची अन् तुमची थरथर मोजायची?" त्याचे म्हणणे रास्त आहे. मी वाद घालत नाही.

1 जानेवारी 2024 च्या सकाळी श्रीहरिकोट्याहून आपला एक्सपोसॅट उडाला. त्यावरचे पोलिक्स हे उपकरण बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचे. त्या दिवसांत निम्मा गाव ऊसतोडीला गेलेला, पुतण्याही फडावर. त्याने उड्डाण मोबाइलवर पाहिले आणि मला फोन केला. "काका, ह्यातून तुमची गढी दिसंल का?"

म्हटले, अवघड आहे. पोलिक्सचा भर आपल्याच आकाशगंगेतल्या उजळ ठिकाणांवर. इतक्या दूरच्या मंद उजेडाला याहून मोठे उपकरण हवे.

"मग मोठं करा की," तो म्हणाला, आणि मोळ्या बांधायला गेला.