जात्याची घरघर

गोंगाट कशाला म्हणावे, हे यंत्राला विचारू नये. एकसारखा चालणारा, चढउतार नसलेला जो आवाज, तो त्याच्या मते गोंगाट. पंखा, पंप, पाऊस. आणि आमच्या शेलूबाजारात आत्याचे जातेदेखील!

आत्या ऐंशीच्या पुढची. दळण गिरणीतूनच येते. पण जात्याचा खुंटा हाती आला की तिला ओव्या आपोआप सुचतात. माझा एक जुना विद्यार्थी इंटरनेटवर रेडिओ केंद्र चालवतो. केंद्र कसले, एक टेबल, एक संगणक आणि एक माइक! पोटापाण्यासाठी पुण्यामुंबईस गेलेल्यांच्या कानी गाव पडावे, एवढीच त्याची हौस. त्याने आत्याच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून एका रविवारी ऐकवल्या. लगेच पुण्याहून आतेबहिणीचा फोन. "दादा, आई ओवी म्हणतेय, पण दळत कशी नाही?"

खरेच होते. गोंगाट काढण्याच्या कळीने जात्याची घरघर साफ पुसली होती. दुसरी कळ दारासारखी. आवाज ठराविक पातळीखाली गेला की दार बंद. आत्या ओळीचे शेवटचे अक्षर श्वासाबरोबर विझवत नेते. ते प्रत्येक वेळी दारात चेंगरले होते. तिसरी कळ सपाटीकरणाची. तिच्यावर ४:१ लिहिले असले, तर मर्यादेपुढे चार डेसिबल चढलेला आवाज एकच चढतो. मग सगळेच वर उचलायचे. लाजरी ओळ आणि ठसक्याची ओळ एकाच उंचीची!

विद्यार्थ्याची बाजूही लंगडी नव्हती. "सर, लोकं लोकलमध्ये उभ्या उभ्या आयकतेत. बारीक आवाज कोनाले आयकू येईन?"

छापील ओवी मी वर्गात शिकवतो. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या जमवल्या, हे मोठेच काम. पण घरघर कागदावर उतरत नाही. ती ध्वनिफितीतच राहायची. आणि येथे तर संगणकाने धुतलेलाच आवाज साठवला होता, मूळचा उरलाच नव्हता. त्यात डॉक्टरांनी आत्याला बजावलेले, दिवाळीनंतर जात्याला हात लावायचा नाही. खांदा गेला आहे.

आतेबहीण त्यासाठी मुद्दाम पुण्याहून आली. खुंट्याला समोरून तिने हात लावला, ओढ तिची, ओवी आईची. पायलीभर नव्हे, चार मुठी ज्वारी. पंखा बंद, पहिल्या दोन्ही कळा बंद, सपाटीकरण २:१ वर. मूळ आवाज आधी वेगळा साठवलेला. प्रक्षेपण ४८ किलोबिटांचे होते, ते १२८ वर नेले. सीडीवरचा आवाज सेकंदाला १४११ किलोबिट घेतो, म्हणजे हीही काटकसरच. पण ४८ मध्ये जात्याची भरड घरघर पाण्यात बुडाल्यासारखी येते. लोकलमधल्यांनी थोडे कान द्यावेत, यावर आम्हा दोघांचा तह झाला.

रविवारी आत्याच्या कानाला मोबाइल लावला. तिने डोळे मिटून सगळे ऐकले. आता गळ्याबद्दल काही म्हणेल, म्हणून आम्ही वाट पाहत होतो.

"जात्याले टाकी लावा लागते रे," ती म्हणाली. "बोथट झालं. आयकू येऊन राह्यलं."