काच कोणी बदलायची?

मध्यंतरी भाचा भोईवाड्याला घरी आला होता. त्याच्या गाडीची पुढची काच दगड उडून तडकली होती. म्हणाला, "मावशी, विमावाल्यांना फोन केला तर त्यांनी एका वर्कशॉपचं नाव दिलं. ते म्हणतात अख्खी काच बदलावी लागेल." मी विचारलं, "आणखी कुणाला दाखवलीस का?" तर म्हणे, "कशाला? पैसे विमा कंपनी देतेय!"

हे उत्तर काही माझ्या पचनी पडेना. विमा कंपनी पैसे देते ते तुमच्याआमच्या हप्त्यांतूनच ना! शिवाय एक क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं क्लेम न घेणाऱ्याला ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत मिळते, आणि वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर एका काचेपायी ती शून्यावर येते. लहानसा टवका असेल तर तो भरूनही काम भागतं. पण काच बदलायची की भरायची, हे बदलण्याचे पैसे मिळणाऱ्यानेच ठरवायचं?

अमेरिकेत हा प्रश्न थेट न्यायालयात गेला होता. तिथे सेफलाइट नावाची काच बसवणारी मोठी कंपनी आहे. तिचीच भगिनी कंपनी अनेक विमा कंपन्यांच्या वतीने काचेच्या क्लेमचे फोन घेते. म्हणजे सल्ला देणारी आणि काम मिळणारी, दोघी एकाच घरच्या! कनेक्टिकट राज्याने २०१३ साली कायदा केला, की फोनवर स्वतःच्या दुकानाचं नाव सांगायचं तर त्या भागातल्या निदान एका परक्या दुकानाचंही सांगा. कंपनी न्यायालयात गेली आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. का, तर प्रतिस्पर्ध्याचं नाव घ्यायला लावणं हा भाषणस्वातंत्र्यावर घाला! वाचून मी थक्कच झाले.

आपल्याकडे रचना वेगळी, पण गाठ तीच. ज्या शोरूममध्ये गाडी घेतो, तिथेच पॉलिसी मिळते आणि दुरुस्तीही तिथेच होते. विमा नियामकाने २०१७ साली अशा डीलरांसाठी नियम आणून त्यांना आपल्या देखरेखीखाली घेतलं. नुकसान मोठं असेल, वाहनाच्या बाबतीत ५० हजारांच्या वर, तर परवानाधारक सर्व्हेअर पाहणी करतो. आपला किंवा नातेवाइकांचा त्यात काही हितसंबंध असेल तर तो त्याने आधी सांगायचा असतो. पण काचेचं बिल एवढं मोठं सहसा होत नाही. तिथे राखण आपली आपणच करायची.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही सगळ्यांनाच चोर समजता. मुळीच नाही! मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. वर्गातल्याच मुलाची शिकवणी घेणारा शिक्षक त्याचा पेपर प्रामाणिकपणे तपासतही असेल. पण बाकीच्या चाळीस मुलांच्या मनात शंका राहतेच. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शिक्षकांना खासगी शिकवण्यांची बंदी केली, ती काही सगळे शिक्षक लबाड म्हणून नव्हे. प्रामाणिक माणसालाही आपला प्रामाणिकपणा रोज सिद्ध करावा लागू नये, यासाठी नियम असतो. मला तर वाटतं, नियमाचा खरा फायदा चांगल्या माणसालाच होतो.

तोवर आपल्या हाती एवढं आहे: दुसऱ्या ठिकाणी काच दाखवावी, अंदाजपत्रक लेखी मागावं आणि "हे वर्कशॉप तुम्ही का सुचवता?" असं विचारावं. विमा कंपनीने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर सांताक्रूझला विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

विचारायला लाजू नये, हे वर्गात मुलांना सांगता सांगता माझी हयात गेली. मोठ्यांनाही ते लागू आहेच की!