तीन बिंदूंचा आधार

आमचा एक भाचा कोल्हापुरास लहानशी फाउंड्री चालवितो. गेल्या पावसाळ्यांत त्यानें ओतलेलीं पंपाचीं हातभर लांबीचीं चाळीस कवचें गिऱ्हाइकानें परत पाठविलीं. मोजला होता एकच नग. त्याच्या टोकाचें मोठें भोंक जागेपासून सव्वादोन मिलिमीटर वर सरकलें आहे, असें सोबतच्या कागदाचें म्हणणें. सूट होती एका मिलिमीटराची. एरवीं, सव्वादोन मिलिमीटरांचें तें काय एवढें, असें आमच्यासारख्या इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या मनुष्यानें सहज म्हटलें असतें. परंतु भाच्याचा चेहरा पाहून आम्ही गप्प बसलों. बँकेचा हप्ता, कामगारांचा पगार आणि पुढच्या वर्षाची ऑर्डर हीं सारीं तेवढ्यांत अडकलीं होतीं. "मामा, पुण्याच्या एका लॅबमध्यें पुन्हां मोजून घेतों. तुम्ही बरोबर चला, माझ्यानें एकट्यानें निकाल ऐकवणार नाहीं," असें तो म्हणाला, आणि सात नग टेंपोंत घालून आम्ही निघालों.

मोजणीची खोली गाभाऱ्यासारखी थंड व शांत होती. पोलादाची मीटरभर पट्टी एका अंशाच्या उष्णतेनें सुमारें ११ मायक्रॉन लांबते. म्हणून २० अंश सेल्सियस हें मोजणीचें उष्णतामान साऱ्या जगानें मान्य केलें आहे. भाच्याच्या ओबडधोबड जॉबांस इतक्या सोवळ्याची गरज नव्हती, तरी यंत्र चालविणाऱ्या बाईंनीं ते दोन तास तसेच ठेवविले. मध्यभागीं काळ्या ग्रॅनाइटची शिळा, तिच्यावर कमानीसारखा पूल, आणि त्यांतून खालीं आलेल्या दांड्याच्या टोकास कृत्रिम माणकाचा बारीक मणी. मणी जॉबास टेकला कीं त्या जागेची लांबी, रुंदी व उंची नोंदली जाते.

एवढ्या किंमती यंत्रास जॉब दाखविला म्हणजे तें आपण होऊन दोष सांगेल, अशी आमची समजूत होती. बाई हंसल्या. "सर, जॉब कसा ठेवला आहे हेंच यंत्राला ठाऊक नसतें. अगोदर तें सांगावें लागतें, मोजणें मागाहून." अधांतरीं वस्तूस सहा प्रकारें हालतां येतें: तीन दिशांस सरकणें व तीन अक्षांभोंवतीं फिरणें. एका पृष्ठावर तीन बिंदु धरले कीं दोन अक्षांभोंवतीं फिरणें व एका दिशेस सरकणें बंद होतें; दुसऱ्या पृष्ठावरील दोन बिंदु एक फिरणें व एक सरकणें अडवितात; तिसऱ्यावरील एक बिंदु उरलेलें सरकणें थांबवितो. या पृष्ठांस डेटम म्हणतात. पहिल्या पृष्ठावर तीनच बिंदु कां, हें आमच्या आजीस समजावून सांगावें लागलें नसतें. चूल मांडतांना तिनें चौथा धोंडा कधीं ठेवला नाहीं.

यंत्रावर घासून गुळगुळीत केलेल्या जॉबावर हे बिंदु कोठेंही घेतले तरी फारसें बिघडत नाहीं. खरी पंचाईत ओतीव जॉबाची. वाळूच्या सांच्यांतून निघालेलें पृष्ठ चिकूच्या सालीसारखें खरखरीत असतें. आणि जेथें सांच्याचे दोन अर्ध मिळतात तेथें धातूची बारीक वरंबी उठते. ज्या तीन बिंदूंस तुम्ही टेकाल त्यांप्रमाणें पृष्ठ निराळें. यास्तव शहाणा ड्रॉइंगवाला कोठें टेकावें तें खुणा करूनच सांगतो. भाच्याच्या ड्रॉइंगवर अशा तीन फुल्या होत्या, एकमेकींपासून चांगल्या लांब.

बाईंनीं गिऱ्हाइकाच्या कागदावरील आंकडे बारकाईनें वाचले. पहिले तीन बिंदु फुल्यांवर नव्हतेच. ते ६० मिलिमीटरांच्या आंत दाटीनें घेतलेले होते, व त्यांतील एक नेमका वरंबीवर. "हीच चूक मुद्दाम करून दाखवितें," असें म्हणून त्यांनीं तोच नग त्याच तीन जागीं टेकून मोजला. भोंक सव्वादोन मिलिमीटर वर! मग जॉब तसूभरही न हालवितां बिंदु फुल्यांवर घेतले. भोंक पाव मिलिमीटरावर आलें. वरंबीची उंची अवघी ०.४ मिलिमीटर, परंतु ६० मिलिमीटरांत पडलेला तो तिरपेपणा ३०० मिलिमीटर दूरच्या भोंकापाशीं पोंचतां पोंचतां पांचपट झाला होता.

भाच्यास आतां हुरूप आला. "मग संगणकालाच सगळीकडून जुळवूं द्या ना," तो म्हणाला. तशीही सोय आहे. शेंकडों बिंदु घेऊन, आदर्श आकृतीशीं एकंदर तफावत कमींत कमी राहील असा जॉब बसवितां येतो. पंख्याच्या पात्यासारख्या, सपाट जागाच नसलेल्या वस्तूस तो उपाय पुष्कळदां योग्यही असतो. पण बाईंनीं मान हालविली. तसें केल्यास एका जागेचा दोष साऱ्या अंगावर थोडथोडा वांटला जातो व कोठेंच डोळ्यांत भरत नाहीं. शिवाय पुढें कारखान्यांत जॉब बसणार तो त्या तीन फुल्यांवरच, सरासरीवर नव्हे. (येथें आम्हांस परीक्षकांच्या कांहीं सभा आठवल्या, पण तो विषय निराळा.)

सायंकाळपर्यंत सातही नग मोजून झाले. पांच निर्दोष ठरले. उरलेल्या दोहोंत भोंक फुल्यांवरून मोजूनही दीड मिलिमीटर सरकलेलें निघालें. ओततांना आंतील कोअरच हालला होता. गिऱ्हाइकाची रीत चुकली होती, आणि भाच्याचा मालही कांहीं अंशीं सदोष होता. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर छापून आल्या. तो पहिलीच गोष्ट गिऱ्हाइकास कळवील, असें आम्हांस वाटलें. तसें त्यानें केलें असतें तर त्याला बोल लावण्यास आम्ही धजलों नसतों.

परततांना कराडास चहासाठीं थांबलों. त्यानें फाउंड्रींत फोन लावला. "राहिलेले तेहतीस नग कोणी हालवूं नका. एक एक करून मोजायचे आहेत." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "मामा, मोजणीचा खर्च नफ्याच्या वर जाणार." बशींत ओतलेला त्याचा चहा तसाच निवत राहिला.