मोटारीची गळती

कांहीं मोटारी पोलादी स्प्रिंगांऐवजीं हवेनें फुगविलेल्या रबरी फुग्यांवर तोललेल्या असतात. अशी गाडी सकाळीं खचलेली दिसली, कीं दोष हवा भरणाऱ्या पंपावर येतो. कारण घरघरतो तोच. आमच्या पुतण्यानें पंप बदलला. नवाहि लवकरच जळाला. गळतीनें गाडी बसे आणि ती उचलण्यासाठीं पंप शक्तीबाहेर चाले, एवढेंच त्याचें कारण.

नैयायिक अन्वय-व्यतिरेकानें कारण ठरवितात. येथेंहि तोच मार्ग. रात्रींत एकच कोपरा खचला, तर त्या चाकाचा फुगा किंवा नळी पाहावी. अनेक कोपरे एकदम खचले, तर सामाईक झडपा. मग गाडी पुरती उंच करून फुग्याच्या घड्यांवर व नळीच्या सांध्यांवर साबणाचें पाणी शिंपडावें. बुडबुडे उठतील तेथें छिद्र. पुतण्याच्या गाडींत तें एका घडींतील बारीक चिरेंत निघालें. मात्र भक्कम लोखंडी टेकू लावल्यावांचून गाडीखालीं कोणीं जाऊं नये. हवा सुटतांच ती अंगावर बसेल.

एकत्र कुटुंबांतहि थकलेल्याला बोल लावण्यापूर्वीं, तो कोणाची गळती भरून काढीत आहे, हें पाहिलेलें बरें, असें आम्हांस वाटतें.