बालाघाटात पाण्याची गाळणी घेऊन

सप्टेंबरच्या शेवटी दोन सुट्ट्या जोडून आल्या आणि आम्ही पायी निघायचे ठरवले. आम्ही म्हणजे उर्दू शाळेतले तीन शिक्षक आणि आमच्यापैकी एकाची दोन मुले, मुलगी आठवीत, मुलगा सहावीत. बीडबाहेरची खजाना बावडी, पाली, बिंदुसरा धरण, मांजरसुंब्याचा घाट आणि शेवटी कपिलधार, असा रस्ता. मोटारीने तासाभराचा मामला. पायी, तोही हमरस्ता टाळून शेतवाटांनी, दोन दिवसांचा.

प्रश्न पाण्याचा होता. पाऊस उघडल्यावर आमच्याकडे जे ऊन पडते त्यात चालणाऱ्या माणसाला दिवसाला चार लिटर पाणी सहज लागते. पाच माणसे, दोन दिवस, म्हणजे चाळीस लिटर, आणि चाळीस लिटर म्हणजे चाळीस किलो. एवढे ओझे घेऊन घाट चढणे शक्य नव्हते. विकतच्या बाटल्या वाटेत प्रत्येक ठिकाणी मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी रिकाम्या बाटल्यांचे करायचे काय? म्हणून पाठीवरच्या पिशवीत मावणारी पाण्याची गाळणी घ्यायचे ठरले.

बाजारात हिचे प्रकार बरेच. एक नळीसारखी, ओढ्याला तोंड लावून ओढायची. एकट्या माणसाला ती ठीक, पण कुटुंबाला निरुपयोगी. तिच्यातून भांडे भरत नाही आणि एकमेकांची नळी तोंडात घालायची वेळ येते. दुसरी अतिनील किरणांची, पेनासारखी. ती बॅटरीवर चालते आणि गढूळ पाण्यात तिचा प्रकाश पोहोचत नाही. तिसरी झाडाला टांगायची पिशवी, वर कच्चे पाणी आणि खाली नळी. मोठ्या गटाला हीच सोयीची. आम्ही घेतली ती चौथी, बाटलीच्या तोंडावर फिरवून बसवायची, बाटली दाबली की पाणी गाळून बाहेर. वजन मुठीतल्या मोबाइलपेक्षा कमी. घेण्याआधी थंड पेयाच्या साध्या बाटलीच्या आट्यांवर ती बसते का, एवढे मात्र नक्की बघावे. सोबत येणारी मऊ पिशवी फाटली की साधी बाटलीच कामाला येते.

पहाटे फजरनंतर निघालो आणि ऊन चढायच्या आत खजाना बावडीवर पोहोचलो. निजामशाहीत, सोळाव्या शतकात, सलाबतखानाने ही बांधून घेतली. काम राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकाराचे. जमिनीखालून आलेल्या बोगद्यातून पाणी विहिरीत येते आणि दुसऱ्या बोगद्यांतून केवळ उताराच्या जोरावर शेतांकडे जाते. मोट नाही, पंप नाही. दुष्काळातही हिचे पाणी हटत नाही असे बीडकर अभिमानाने सांगतात. मुलगा काठावरून बराच वेळ खाली बघत राहिला आणि म्हणाला, पाणी कुठून येते ते दिसतच नाही. पाण्याबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो, हे त्याला ठाऊक नसावे.

पालीजवळ बिंदुसरा धरणाच्या पाण्यावर गाळणी पहिल्यांदा बाहेर काढली. पावसाने पाणी चहासारखे झालेले. असे पाणी थेट गाळणीत घातले तर ती पहिल्याच दिवशी तुंबते. म्हणून आधी डब्यात तुरटी फिरवली, अर्ध्या तासाने वरचे निवळ पाणी चौपदरी सुती कापडातून ओतून घेतले आणि मग बाटली दाबली. या कापडाला हलके समजू नये. बांगलादेशात मतलब भागातल्या खेड्यांत रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या साडीच्या निदान चार पदरांतून पाणी गाळायला शिकवले होते. २००३ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या गावांत पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी झाले होते. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून राहतात आणि ते किडे जुन्या, धुऊन धुऊन दाट झालेल्या कापडात अडकतात. आमच्या अम्मी माठाच्या तोंडाला दुपट्टा बांधत, त्याला एवढा आधार आहे हे आम्हाला कितीतरी वर्षांनी कळले.

गाळणीच्या आत पोकळ धाग्यांचा गुच्छ असतो आणि धाग्यांच्या भिंतीला ०.१ मायक्रॉनची छिद्रे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पटकीचा किंवा विषमज्वराचा जंतू या छिद्रातून जाऊ शकत नाही, जुलाब लावणारा जिआर्डिया तर त्याहून कितीतरी मोठा. पण काविळीचा विषाणू साधारण ०.०३ मायक्रॉनचा. तो या छिद्रातून सहज निघून जातो. खोक्यावर ९९.९९९९ टक्के असे ठसठशीत छापलेले असते, ते जंतूंचे. विषाणूचा उल्लेख शोधला तरी सापडत नाही. आपल्याकडे दूषित पाण्याची कावीळ घरोघरी माहीत आहे, तेव्हा गाळलेल्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबायचे, नाहीतर पाणी खळखळून एक मिनिट उकळायचे. क्लोरीनही गढूळ पाण्यात नीट चालत नाही, म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी निवळणे, मग गाळणे, शेवटी औषध.

धरणावरच जुहरची वेळ झाली. तिथेच वुजू केला. मुलीने विचारले, या पाण्याने वुजू होतो तर पिता का येत नाही? पाणी पाक असणे वेगळे आणि पिण्याजोगे असणे वेगळे, हे तिथल्या तिथे सांगता आले. तिने मग आपली ओढणीची किनार फाडून कच्च्या पाण्याच्या बाटलीला बांधली. दोन दिवस ती बाटली कुणीही तोंडाला लावली नाही. हात ओले असताना, दमलेले असताना माणूस चुकीची बाटली उचलतो आणि मग महागडी गाळणी काही कामाची राहत नाही.

घाट चढून संध्याकाळी मांजरसुंब्यापलीकडच्या एका वस्तीवर पोहोचलो. तिथे आमच्या एका सहकाऱ्याच्या ओळखीचे घर होते. दारासमोर हातपंप, पाणी थंडगार आणि काचेसारखे. आम्ही बाटल्या भरल्या, गाळणी काढलीसुद्धा नाही. खोल बोअरच्या पाण्यात जंतूंचा धोका कमी. पण त्या घरातला नातू हसला आणि त्याच्या दातांवरचे पिवळे-तपकिरी पट्टे दिसले. वर्गात असे दात आम्ही बघतो. बीड जिल्ह्यात काही ठिकाणी बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि दात घडण्याच्या वयात ते वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांवर असे डाग उमटतात. पुढे हाडांनाही त्रास होतो. मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅमची. फ्लोराइड पाण्यात विरघळलेले असते, त्यामुळे आमच्या गाळणीतून ते जसेच्या तसे बाहेर येते, आणि पाणी उकळले तर कमी होण्याऐवजी घट्टच होते. आम्ही एक रात्रीचे पाहुणे. आम्हाला त्या पाण्याने काही होणार नव्हते. त्या मुलासाठी तेच पाणी रोजचे. ग्रामपंचायतीकडे पाणी-तपासणीचे अहवाल असतात. जंतूंचा एक आणि रासायनिक दुसरा, असे दोन्ही मागा, एवढे आम्ही त्याच्या आजोबांना सांगितले. नुसते हिरवे कार्ड दाखवले म्हणून परत येऊ नका, असेही.

जेवणानंतर शेजारच्या घरातली बाई गाळणी बघायला आली. घरात नवराबायको दोघेही ऊसतोडीला जाणारे. मुकादमाची उचल घेतलेली, दसरा झाला की टोळी निघणार. तिने गाळणी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारले,

"सर, ह्याच्यातून एक घागर भरायला किती वेळ लागंल?"

आम्ही हिशेब केला. गाळणी स्वच्छ असेल तर लिटरला दोन-तीन मिनिटे. बारा लिटरची घागर म्हणजे अर्धा तास बाटली दाबत बसायचे.

"मग न्हाई जमायचं," ती म्हणाली. "आम्ही फडावरून येतो तवा अंधार पडलेला असतो. भाकरी कवा करायची?"

फडावर पाणी कुठले, असे विचारले. कधी कालव्याचे, कधी शेतमालकाच्या विहिरीचे, कधी कारखान्याच्या टँकरचे. टोळी फड बदलेल तसे पाणी बदलते. गेल्या हंगामात तिच्या धाकट्याला जुलाब लागले, तीन दिवस कोयता बंद राहिला आणि त्या दिवसांची मजुरी गेली. आशाताई गावात क्लोरीनची बाटली देते, पण सहा महिने गाव सोडून गेलेल्यांना ती कुठे शोधणार? आणि जिथे कोपी टाकतात तिथल्या आशाताईच्या यादीत यांची नावे नसतात.

रात्री बराच वेळ आम्ही यावरच बोलत होतो. पाठीवर घर घेऊन सहा महिने हिंडणारी माणसे बीडमध्ये लाखांनी आहेत, आणि ही गाळणी ज्यांनी बनवली त्यांच्या डोळ्यांसमोर दोन दिवसांचे हौशी प्रवासी होते. बाईचा प्रश्न बरोबर होता. तिला हवे होते ते आपोआप होणारे काम. संध्याकाळी जुन्या लुगड्याच्या चार पदरांतून ड्रम भरायचा, गोळी टाकायची, झाकायचे आणि भाकरीला लागायचे. भाकरी होईपर्यंत पाणी तयार. पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे, म्हणजे मुलांचे हात ड्रममध्ये जात नाहीत.

सकाळी कपिलधारला गेलो. मन्मथस्वामींची समाधी, हिरवी दरी आणि वरून कोसळणारा धबधबा. पावसाळ्यात इथे यावेच. धबधब्याखाली लोक ओंजळीने पाणी पीत होते, वाहते पाणी शुद्ध असते या भरवशावर. कड्याच्या वर गुरे चरतात, हे खाली उभ्या माणसाला दिसत नाही. आम्ही बाटल्या भरल्या आणि गाळणी लावली, पण धार बारीक झाली होती. सोबत आलेल्या पिचकारीने उलट्या बाजूने स्वच्छ पाणी जोरात मारले तेव्हा आतला धरणाचा गाळ बाहेर आला. आमच्याकडच्या जड पाण्याने काही महिन्यांनी क्षारही बसतात. त्यासाठी गाळणी तासभर सिरक्यात बुडवून ठेवावी, असे माहितीपत्रकात होते. आम्ही घरी तसे केले आणि धार पुन्हा मोकळी झाली.

परत आल्यावर २० लिटरला एक पुरणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या मागवल्या. हंगाम दीडशे दिवसांचा धरला, रोज एक ड्रम, म्हणून दीडशे गोळ्या. त्या मुलांच्या खाऊच्या डब्यात मावल्या. बाईला वाचता येत नाही आणि वाचणारा थोरला मुलगा हंगामी वसतिगृहात मागे राहणार होता. म्हणून झाकणावर आमच्या मुलीने चित्र काढले: एक ड्रम, एक गोळी, अर्ध्या तासाचे घड्याळ आणि गोळी तोंडात घालणाऱ्या मुलावर मोठी फुली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही डबा वस्तीवर पोहोचवला. बाईने झाकण बघितले आणि शेजारणीला हाक मारली. शेजारीण आमच्याकडे बघून म्हणाली, "आमच्या टोळीत बारा कोयते हायेत, सर."