काळच तसा होता

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ मी अकरावीच्या सुट्टीत वाचली आणि रागावले ती चक्क कादंबरीच्या नायिकेवर, यमूवर. एवढं सोसते, पण उलटून एक शब्द बोलत नाही. समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं : ‘ही गप्प का?’

परवा, तीस वर्षांनी, तीच प्रत हाती आली. या वेळी भेटली ती नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकलेली आणि आपली कहाणी आपल्याच तोंडानं सांगणारी यमू. ज्या घरांत बाईनं पुस्तक हातात धरणं म्हणजे थोरामोठ्यांचा अपमान, त्या घरांतली ही मुलगी शेकडो पानं ‘मी’ म्हणून बोलते. हिला मी गप्प म्हटलं होतं! मला सुचणारी सगळी उत्तरं मला शाळेनं, कायद्यानं आणि माझ्या आईनं आयती दिली होती. यमूला त्यातलं बरंचसं स्वतःच शोधावं लागलं.

मग विधवा यमूचं बळजबरीनं केशवपन करणाऱ्यांना, त्या शंकरमामंजींनाही काळाची हीच सवलत द्यायची का? आजीला मी तिच्या लाल अलवणातल्या आत्याबद्दल विचारलं की ती म्हणायची, ‘काळच तसा होता गं,’ आणि निवडायचं ताट पुढे ओढायची. बरीच वर्षं मला ते पटत असे.

आता पटत नाही. ही कादंबरी १८९० मध्ये ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येऊ लागली, तेव्हा विधवाविवाहाचा कायदा होऊन चौतीस वर्षं उलटली होती. आणि त्याच १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईतले नाभिक एकत्र आले, विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. हातावर पोट असलेली माणसं. नकार दिला की त्या दिवसाची मजुरी बुडणार, हे त्यांना ठाऊक होतं. तोही तोच काळ होता. जे त्या वस्तरा धरणाऱ्यांना कळलं, ते घरात पोथ्या असलेल्यांना कळत नव्हतं, असं मी मानायला तयार नाही.

समासातल्या त्या ओळीबद्दल मी यमूची क्षमा मागते. शंकरमामंजींना मात्र माफी नाही. हरिभाऊंनीही ती दिली नव्हती, आणि ते तर त्याच काळात राहत होते.